हाताचा गुण : वैद्य जीवकाची जीवनकथा

अमक्याच्या हाताला गुण आहे, असं आपल्याकडे म्हणतात. प्रत्येक वस्तीत असा एखादा हात असतोच. कुणाचा पाय मुरगळला, कुणाची मान आखडली, ओझं उचलताना कुणाच्या कमरेत उसण भरली की घरची माणसं त्या दारात जातात. बहुधा ती एखादी म्हातारी आजी असते. कोमट तेलाची वाटी जवळ ठेवून ती दुखरी जागा अंगठ्याने चाचपते, आखडलेली शीर सापडली की थांबते आणि हळूहळू दाब देत जाते. माणूस आधी ओरडतो आणि मग तिथेच झोपी जातो. हा गुण आला कुठून असं विचारलं तर लोक सांगतात, तो जन्माचाच असतो. पायाळू माणसाने कमरेवर लाथ मारली की उसण जाते, ही समजूतही त्यातलीच.

आम्हाला हे पटत नाही. जन्मावरून माणसाचा गुण ठरवण्याची फळे आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या भोगली आहेत. म्हणून विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत आम्ही अशा एका माणसाचे चरित्र सांगत आहोत, की ज्याच्या जन्माला कोणी वाली नव्हता आणि ज्याच्या हातावर मगधाच्या राजापासून भिक्खुसंघापर्यंत सर्वांनी भरवसा ठेवला. तो म्हणजे वैद्य जीवक. भगवान बुद्धांचा वैद्य एवढीच त्याची ओळख आपण धम्मप्रवचनात ऐकतो आणि पुढे जातो. परंतु विनयपिटकातील महावग्ग आणि चुल्लवग्ग वाचले म्हणजे एक पुरा माणूस समोर उभा राहतो.

उकिरड्यावरचे मूल

सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. मगध देशाची राजधानी राजगृह. बिंबिसार राजाचा अंमल. नगरात सालवती नावाची गणिका होती. तिला मुलगा झाला. मुलगा आपल्या धंद्याच्या कामाचा नाही, म्हणून तिने दासीकरवी त्याला सुपात घालून उकिरड्यावर टाकून दिले. त्याच वाटेने राजपुत्र अभय चालला होता. कावळे कशाभोवती जमलेत म्हणून त्याने माणसांना विचारले. मूल आहे म्हणून कळले. जिवंत आहे का, असे त्याने पुन्हा विचारले. जिवंत आहे, असे उत्तर आले. जिवंत सापडला म्हणून त्याचे नाव पडले जीवक. राजकुमाराने सांभाळला म्हणून तो कोमारभच्च.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या आपल्या ग्रंथात जीवकाच्या धम्मदीक्षेला वेगळे स्थान दिले आहे आणि त्याच्या जन्माची ही हकीकत लपवलेली नाही. हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. सुपात टाकलेल्या मुलाची गोष्ट आपल्या लोकांना का सांगायची, हे बाबासाहेबांना नक्की ठाऊक असणार.

जाणता झाल्यावर जीवकाने अभयाला आपल्या आईबापांविषयी विचारले. आई कोण हे मलाही माहीत नाही, मी तुला वाढवले म्हणून मीच बाप, असे अभयाने सांगितले. पोरगा विचारात पडला. राजवाड्यात हातात काही विद्या नसेल तर दुसऱ्याच्या आधारावर जगणे कठीण, हे त्याने ओळखले. कोणाला न विचारता तो तक्षशिलेच्या वाटेला लागला.

तक्षशिलेची सात वर्षे

राजगृह आजच्या बिहारात आणि तक्षशिला आजच्या पाकिस्तानात. मधले अंतर शेकडो कोसांचे. तिथे एका नामांकित वैद्याकडे तो सात वर्षे शिकला. पुष्कळ शिकला, भराभर शिकला आणि शिकलेले विसरला नाही. तरी या विद्येचा शेवट काही दिसेना. तेव्हा त्याने गुरूलाच विचारले, हे शिकणे संपणार कधी?

गुरूने हातात खुरपे दिले आणि तक्षशिलेच्या चारी बाजूंना योजनभर फिरून जी वनस्पती औषधी नाही ती शोधून आणायला सांगितली. जीवक सगळीकडे फिरला आणि रिकाम्या हाताने परत आला. औषध नाही असे काहीच सापडले नाही. गुरूने ओळखले की पोरगा तयार झाला. थोडी शिदोरी बांधून दिली आणि निरोप दिला.

ही गोष्ट शाळेतल्या मुलांना सांगतात तेव्हा वनस्पतींचे महत्त्व सांगून थांबतात. आम्हाला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्याला स्वतःला उकिरड्यावर टाकलेले होते, त्याच मुलाला टाकाऊ असे काही सापडले नाही. आणि सात वर्षे लागली, हेही ध्यानात ठेवावे. ज्या हाताला लोक पुढे गुणाचा हात म्हणू लागले, तो सात वर्षे खलबत्त्यावर आणि रोग्यांच्या उशाशी राबलेला होता.

साकेतचे तूप

परतताना साकेत नगरीत शिदोरी संपली. तिथल्या एका श्रेष्ठीच्या बायकोचे डोके सात वर्षे दुखत होते. मोठमोठे वैद्य येऊन सोने घेऊन गेले होते. हा कोवळा पोर काय करणार म्हणून तिने आधी आत घ्यायलाच नकार दिला. जीवकाने निरोप पाठवला की आधी काहीही देऊ नका, बरे वाटले तर वाटेल ते द्या. मग त्याने तूप औषधांत शिजवून तिच्या नाकात सोडले. तूप तोंडात उतरले. बाईने ते भांड्यात थुंकले आणि दासीला कापसाने टिपून ठेवायला सांगितले.

जीवकाच्या पोटात गोळाच आला. टाकायचे तूप जी बाई जपून ठेवते ती आपल्याला काय देणार! त्याचा चेहरा पाहून बाईने समजावले की आम्ही घर चालवणारी माणसं, आम्हाला जपून वापरणं कळतं; हे तूप दासांच्या, कामकऱ्यांच्या पायांना चोळायला किंवा दिव्यात घालायला उपयोगी पडेल. एका नस्यातच तिचे दुखणे गेले. तिने, मुलाने, सुनेने आणि नवऱ्याने चार चार हजार दिले. असे सोळा हजार, वर दास, दासी आणि रथ घेऊन जीवक राजगृहाला आला आणि सगळे अभयापुढे ठेवून सांभाळण्याचे ऋण फेडू लागला. अभयाने ते घेतले नाही.

या गोष्टीतले पायांना चोळायचे तूप आम्ही मुद्दाम सांगतो. श्रेष्ठीच्या घरी राबणाऱ्या माणसांचे पाय संध्याकाळी दुखत आणि त्यांना चोळायला स्नेह लागे, ही त्या काळच्या घराघरातली रीत होती. औषध नाकात गेले मालकिणीच्या, तळव्याला लागले मजुराच्या. दुखणारे अंग दोघांचेही सारखेच.

राजवैद्य

पुढे बिंबिसाराचे भगंदर जीवकाने एका लेपात बरे केले आणि राजाने त्याला स्वतःची, अंतःपुराची आणि बुद्धप्रमुख भिक्खुसंघाची सेवा सोपवली. राजगृहाच्या एका श्रेष्ठीच्या डोक्याची कवटी उघडून त्याने किडे काढले. वाराणसीच्या श्रेष्ठिपुत्राला कोलांट्या मारण्याच्या खेळात आतड्याला पीळ पडला होता. जीवकाने त्याला तपासून माणसे बाहेर काढली, पडदा लावला, त्याला खांबाला बांधले, पोट उघडून पीळ सोडवला आणि पुन्हा शिवले. अवंतीच्या चंडप्रद्योताला कावीळ झाली आणि त्याला तुपाचा वासही सहन होत नव्हता. जीवकाने काढ्यात तूप लपवून पाजले आणि राजा चिडेल हे ओळखून त्याच्याच हत्तिणीवर बसून उज्जैनीतून पळ काढला. राजा बरा झाला आणि त्याने शिवी देशाचे मौल्यवान वस्त्र पाठवून दिले.

या सगळ्या गोष्टी आजच्या इस्पितळाच्या कागदपत्रांसारख्या अक्षरशः घ्यायच्या नसतात. अडीच हजार वर्षांत त्यांना लोककथेचा रंग चढला आहे. पण त्यांतली रीत पाहण्यासारखी आहे. जीवक मंत्र म्हणत नाही, नवस बोलत नाही, ग्रह पाहत नाही. तो तपासतो, कारण शोधतो आणि मग हात लावतो.

तथागतांचे शरीर

आपल्या घरांत भगवान बुद्धांची शांत मूर्ती असते. त्या मूर्तीची पाठ कधी दुखत असेल, असे आपल्या मनातही येत नाही. परंतु त्रिपिटक याबाबतीत फार प्रामाणिक आहे. पाठ भरून आली म्हणून तथागतांनी पुढचे प्रवचन आनंदाला किंवा सारिपुत्ताला सांगायला लावले आणि स्वतः आडवे झाले, असे प्रसंग त्यात आहेत. श्रावस्तीला असताना वातविकाराने अंग धरले, तेव्हा उपवाण नावाचा भिक्खू देवहित ब्राह्मणाकडून गरम पाणी आणि गूळ घेऊन आला. गरम पाण्याने अंघोळ घातली, गुळाचे पाणी दिले आणि वेदना उतरली. म्हातारपणी पूर्वारामात ते मावळतीच्या उन्हात पाठ शेकत बसलेले असताना आनंद त्यांचे हातपाय चोळीत होता. चोळताना त्याच्या बोटांना कातडी सैल लागली, शरीर पुढे वाकलेले दिसले आणि तो हळहळला. म्हातारपण शरीराचा धर्मच आहे, असे तथागतांनी त्याला समजावले.

चोळणाऱ्या हाताला आधी कळते आणि मग मनाला. आईबापांचे पाय चेपणाऱ्या कुणालाही विचारा. बाप थकला हे मुलाला त्याच्या पोटऱ्या हातात आल्यावर समजते.

एकदा तथागतांच्या शरीरात दोष साठले, तेव्हा आनंदाने जीवकाला सांगितले. जीवकाने लगेच जुलाब दिला नाही. आधी काही दिवस शरीराला स्नेहन द्यावे, असे त्याने सांगितले. स्नेहन म्हणजे तेलातुपाने शरीर मऊ करणे. त्यानंतर त्याने तीक्ष्ण औषध टाळले आणि कमळांना औषधाची पुटे देऊन ती नुसती हुंगायला दिली. नाजूक शरीराला सोसेल तेवढेच द्यायचे, हा त्याचा नेम. बरे झाल्यावर प्रद्योताचे ते वस्त्र त्याने तथागतांना अर्पण केले आणि उपासकांनी दिलेली वस्त्रे भिक्खूंना घेता यावीत अशी विनंती केली. तोवर भिक्खू चिंध्यांची चीवरे वापरीत. तथागतांनी ती परवानगी दिली.

अट्ठकथेत आणखी एक प्रसंग आहे. गृध्रकूटावर देवदत्ताने ढकललेल्या शिळेची कपची लागून तथागतांच्या पायाला जखम झाली. त्यांना जीवकाच्या आम्रवनात आणले. जीवकाने जालीम औषध लावून पट्टी बांधली आणि तो नगरात दुसऱ्या रोग्याला पाहायला गेला. यायला उशीर झाला, नगराचे दरवाजे बंद झाले. पट्टी वेळेवर सोडली नाही तर रात्रभर आग होणार, या काळजीने तो तळमळत राहिला. इकडे तथागतांनी वेळ ओळखून आनंदाकडून पट्टी सोडवून घेतली होती. जीवक पहाटे धावत आला तो जखम बरी झालेली. रोगी नजरेआड झाल्यावरही ज्याला झोप येत नाही, तो खरा वैद्य.

चंक्रमण आणि जंताघर

वैशालीत उपासक भिक्खूंना गोडधोड, तुपकट जेवण देऊ लागले होते. भिक्खूंची अंगे जड झाली, दुखणी वाढली. जीवक काही कामाने वैशालीला गेला होता. त्याने ते पाहिले आणि तथागतांना दोन गोष्टींची परवानगी मागितली. एक चंक्रमण, म्हणजे नेमाने येरझाऱ्या घालण्याची जागा. दुसरे जंताघर, म्हणजे चूल पेटवून तापवलेली, घाम काढणारी न्हाणी. तथागतांनी दोन्ही मान्य केल्या. पुढे जंताघराला धुराडे कसे असावे, उष्णतेने तोंड भाजू नये म्हणून चेहऱ्याला माती कशी लावावी, हेही विनयात आले. जमेल तर जंताघरात धाकट्यांनी थेरांचे अंग चोळून द्यावे, हे कर्तव्य म्हणून सांगितले गेले.

विनयाचा औषधविभाग वाचताना तर आजीच्या बटव्याचीच आठवण होते. पिलिंदवच्छ भिक्खूच्या अंगात वात शिरला तेव्हा घाम काढण्याची परवानगी मिळाली. साध्या शेकाने भागले नाही तर औषधी पाल्याचा शेक. तेवढ्याने भागले नाही तर खड्ड्यात निखारे भरून, वर माती किंवा वाळू व पाला अंथरून त्यावर तेल लावलेले अंग लोळवायचे. मग पाल्याचे उकळलेले पाणी. मग गरम पाण्याच्या टाकीत बसणे. पायाला भेगा पडल्या तर पायाला तेल. पाठ चोळायला भिक्खू बिचकत होते, तेव्हा हाताने चोळण्याचीही मुभा दिली.

आपल्याकडे निरगुडीचा पाला वाफवून गुडघ्याला बांधतात, वाळू तापवून फडक्यात शेकतात, न्हाणीघरात बाळंतिणीला कढत पाण्याने शेकतात. हे सगळं अडाणीपणाचं म्हणून आपली शिकलेली मुलं हसतात. हसण्याआधी त्यांनी महावग्ग वाचावा.

बोचणारा प्रसंग

चरित्र म्हटले की नुसते गोडवे गायचे नसतात. जीवकाच्या आयुष्यातला एक प्रसंग आम्हाला बोचतो. मगधात कुष्ठ, गंड, किलास, शोष आणि अपस्मार या पाच रोगांची साथ पसरली. लोक जीवकाकडे आले. सर्वस्व देतो, दास होतो, पण बरे करा, असे विनवू लागले. राजा, अंतःपुर आणि भिक्खुसंघ यांतून मला सवड नाही, म्हणून जीवकाने नकार दिला. मग लोकांनी वाट शोधली. संघात शिरायचे, उपचार करून घ्यायचे, बरे झाले की चीवर सोडायचे. असा एक जण जीवकाला रस्त्यात भेटला. जीवक रागावला आणि तथागतांकडे गेला. तेव्हापासून या पाच रोगांच्या माणसाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम झाला.

नियमामागे संघाची अडचण होती, भिक्खूंना दिवसरात्र रोग्यांसाठी भिक्षा मागावी लागत होती, हे आम्हाला समजते. तरी ती रांगेतली माणसे डोळ्यांपुढून हलत नाहीत. मोठा वैद्य एकच आणि रोगी अपार. सरकारी दवाखान्याच्या रांगेत पहाटेपासून बसलेल्या आपल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

याचे उत्तर आम्हाला त्याच महावग्गात दुसऱ्या एका प्रसंगात सापडते. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला तथागतांना दिसला. कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि स्वतःच्या हाताने त्याला धुतले, दोघांनी उचलून मंचावर निजवले. रोग्याची शुश्रूषा ही माझीच शुश्रूषा समजा, असा आदेश संघाला दिला. शुश्रूषा करणाऱ्याचे गुणही सांगितले. त्याला औषध तयार करता यावे, पथ्य कळावे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्राची किळस नसावी आणि रोग्याला वेळोवेळी धम्माने धीर देता यावा. या पाचांत कुळ नाही, जात नाही, जन्माचा मुहूर्त नाही. पाचही गुण शिकून येणारे आहेत. जीवक एकटा होता, पण चोळणे, शेकणे, चालवणे, धीर देणे हे कोणाच्याही हाताला शिकता येते.

विटाळ आणि स्पर्श

याच भूमीत पुढे काय झाले ते आपण जाणतो. मनुस्मृतीने चिकित्सकाला श्राद्धाच्या पंगतीतून वगळले आणि त्याचे अन्न पुवासारखे ठरवले. ज्याचा हात रक्ताला, पुवाला, घामाला लागतो तो अपवित्र! गावगाड्यात बाळंतपण करणारी सुईण पुष्कळदा अस्पृश्य जातीतली असे. अडलेल्या बाईला सोडवायला, बाळाचे अंग चोळायला तिचा हात चालत असे. काम झाले की त्याच हाताचा विटाळ मानून घर शुद्ध करीत. ती मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जाळली गेली, त्यामागे असल्या किती हातांचा अपमान होता!

बाबासाहेबांच्या अखेरच्या वर्षांत मधुमेहाने आणि पायांच्या वेदनांनी त्यांना हैराण केले होते. नानकचंद रत्तू कचेरीचे काम संपवून दिल्लीच्या त्या बंगल्यात येत, त्यांचे लिखाण टंकलिखित करीत, पाय चेपीत, डोक्याला तेल लावीत. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही त्यांनी ही सेवा केली. कोट्यवधी लोकांना ज्याने उभे केले, त्याचे दुखणारे पाय त्या रात्री एका साध्या माणसाच्या हातात होते. आनंद आणि तथागत यांच्यानंतर असा प्रसंग आम्हाला दुसरा आठवत नाही.

सयामचा जीवक

भारतात जीवकाचे नाव मागे पडले. पण धम्म जिथे गेला तिथे ते टिकले. थायलंडमध्ये, म्हणजे जुन्या सयामात, अंग चेपण्याची मोठी विद्या आहे. तिला नुआद म्हणतात. तिचे लोक जीवकाला आपला आद्यगुरू मानतात. ते त्याला चीवोक म्हणतात आणि काम सुरू करण्याआधी हात जोडून त्याचे स्मरण करतात. जीवकाने ही विद्या शिकवली असे पाली त्रिपिटकात कुठेही नाही. ही परंपरेची श्रद्धा आहे. पण परंपरेने गुरू म्हणून कोणाला निवडले, यातही अर्थ आहे.

ही विद्या मुळात शेतकऱ्यांची. भातशेतीत दिवसभर वाकून अंग आंबले की गावातला जाणकार माणूस जमिनीवर चटई टाकून चेपून देई. अंगावरचे कपडे तसेच ठेवून अंगठा, तळहात, कोपर, गुडघा आणि पाऊल यांनी हळूहळू वजन देतात, सांधे वळवतात, स्नायू ताणतात. हळद, गवती चहा असल्या वनस्पतींची पुरचुंडी वाफवून शेकतात. आपल्याकडे बाप कामावरून येऊन पालथा पडतो आणि लेकराला पाठीवर चालायला सांगतो. ते छोटे पाय पाठीवर फिरतात तेव्हा आपणही नकळत हेच करत असतो.

१७६७ साली अयुथ्या राजधानी उद्ध्वस्त झाली आणि बरेच ग्रंथ नष्ट झाले. पुन्हा असे होऊ नये म्हणून तिसऱ्या राम राजाने १८३२ पासून बँकॉकच्या वाट फो विहाराचा जीर्णोद्धार करताना वैद्यकाचे ज्ञान दगडावर कोरून घेतले. मानवी शरीराच्या साठ आकृत्या तिथे आहेत. कोणत्या दुखण्याला शरीरावर कुठे दाबावे, याच्या रेषा त्यांवर दाखवल्या आहेत. ज्याला वाचता येईल त्याने विहारात यावे आणि शिकावे. २०११ साली या शिलालेखांना युनेस्कोने जागतिक स्मृतिठेवा म्हणून मान्यता दिली आणि २०१९ साली नुआदला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले.

विहार म्हणजे काय, याचे एक उत्तर वाट फोने दिले आहे. वंदना तर तिथे होतेच, पण थकलेल्या माणसाला बरे करण्याची विद्याही भिंतीवर सर्वांसाठी उघडी ठेवलेली आहे.

हात कधी आवरावा

जीवक हात लावण्याआधी तपासत असे. आपणही ते शिकले पाहिजे. मार नुकताच लागला असेल, सूज असेल, जागा काळीनिळी पडली असेल तर पहिले दोन-तीन दिवस चोळू नये. आत रक्त साकळलेले असते, रगडल्याने ते वाढते. मांडीला जबर मार बसल्यावर जोराने चोळत राहिले तर स्नायूत हाड धरण्याचीही भीती असते. हाड मोडल्याची शंका असेल तर जागा हलवू नये, दवाखाना गाठावा. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दुखू लागली तर ती रक्ताची गुठळी असू शकते. तिथे चोळणे जिवावर बेतेल. कमरेच्या दुखण्याबरोबर पायाला मुंग्या, बधिरपणा, लघवीचा ताबा सुटणे असे काही असेल तर तेलाची वाटी बाजूला ठेवून डॉक्टरकडे जावे. मधुमेहाने ज्यांचे तळवे बधिर झालेत त्यांना कढत शेक देऊ नये. भाजलेले त्यांना कळत नाही.

एरवी कामाने आंबलेल्या, आखडलेल्या स्नायूंना बेताचा दाब आणि शेक यांनी आराम पडतो. तो काही दिवसांचा असतो. तो टिकवायचा तर चालणे, वाकणे, स्नायूंना बळ देणे हवेच. चोळण्याबरोबर चंक्रमण. वैशालीच्या भिक्खूंना जीवकाने तेच सांगितले होते.

पौर्णिमेची रात्र

अजातशत्रूने बाप बिंबिसाराला मारून राज्य घेतले. त्याच्या मनाला स्वस्थता नव्हती. कार्तिकातल्या एका पौर्णिमेच्या रात्री चांदण्यात बसून कोणा साधूकडे जावे असे तो विचारू लागला. अमात्यांनी नाना नावे सुचवली. जीवक गप्प बसला होता. राजाने विचारले तेव्हा त्याने सांगितले की तथागत माझ्याच आम्रवनात आहेत. हत्तींवर बसून निघाले. वनाजवळ आले तर साडेबाराशे भिक्खू असून शिंकेचाही आवाज नाही. बापाला मारणारा राजा त्या शांततेला घाबरला. जीवक आपल्याला शत्रूच्या हाती देतोय की काय, असे त्याला वाटले. जीवकाने त्याला धीर दिला आणि मंडपातल्या दिव्यांकडे बोट दाखवून पुढे नेले. जिथे त्याचे औषध चालणार नव्हते, तिथे त्याने रोग्याला योग्य दारी पोचवले.

जीवक स्वतः स्रोतापन्न उपासक झाला. लोकांना प्रिय असलेल्या उपासकांत तो अग्र, असे तथागतांनी त्याला गौरवले. राजगीरला त्याच्या आम्रवनाचे अवशेष आहेत. १९५० च्या दशकातल्या उत्खननात तिथे लांबट, गोलाकार टोकांच्या दालनांचे पाये सापडले. दगड तेवढे उरले आहेत.

उकिरड्यावर कावळ्यांनी घेरलेले ते मूल आणि तथागतांच्या पायाला पट्टी बांधणारा तो हात, यांच्यामध्ये एका राजपुत्राचे दोन प्रश्न होते आणि सात वर्षांचे शिक्षण होते. आपल्या विहारात वंदनेला बसताना किती तरी ज्येष्ठ उपासक-उपासिका गुडघा धरतात, उठताना भिंतीचा आधार घेतात. त्यांनी गिरण्यांत, गोदीत, शेतांत, इमारतींवर आयुष्यभर ओझी वाहिली म्हणून आपण आज स्मरणिका काढण्याइतके शिकलो. वस्तीतली ती म्हातारी आजी अजून आहे तोवर तिच्याजवळ बसून तिच्या अंगठ्याखाली काय लागते ते शिकून घ्यावे, शिकलेल्या मुलामुलींनी त्याला शास्त्राची जोड द्यावी. आणि आज रात्री घरी गेल्यावर, जेवणं आटोपली की, आईच्या पायाशी तेलाची वाटी घेऊन बसावे. एवढे जरी झाले, तरी जीवकाचे चरित्र लिहिल्याचे आम्हाला समाधान वाटेल.

नमो बुद्धाय. जय भीम.